यंत्रावरचं फडकं

गल्लीच्या टोकाला इस्त्रीवालीचं घर. त्यापुढे ट्रकचा रस्ता आणि पलीकडे सिमेंटचं गोदाम. तीस वर्षांत तिच्या हातांना एक खोड जडली होती : दिसेल त्यावर फडकं टाकायचं. कपड्यांच्या गठ्ठ्यावर कोरडं, खिडकीवर ओलं, म्हणजे धूळ फडक्यात अडकते. एवढं करूनही दुपारपर्यंत पांढऱ्या कॉलरवर बोट फिरवलं की बोट करडं होई.

नवरा एकेकाळी याच गोदामाचा ट्रक चालवायचा. आता दाराशी खुर्ची टाकून बसे. चार पावलं चालला की धाप लागे.

"मी फार वेळ हललो नाही, तर माझ्यावरही टाकशील एखादं."

"टाकलं असतं. पण धुवायचं कुणी, मीच ना?"

गेल्या वर्षी सरकारने शहरभर हवा मोजायचं काढलं. जिथली हवा सगळ्यात वाईट, तिथले ट्रक आधी वळवायचे, छातीचा दवाखानाही तिथेच आधी काढायचा. मोजणीचं यंत्र घेऊन एक तरुण बाई आली. गल्लीने लगेच तिचं नाव ठेवलं हवावाली. इस्त्रीवालीच्या गच्चीवर तिने यंत्र बसवलं. डब्याएवढं, त्यावर एक छोटा दिवा.

"मावशी, तीन महिने हे तुमच्या ताब्यात. नीट सांभाळा हं."

"अगं, लोकांची लग्नाची कापडं सांभाळते मी. हे काय!"

आणि तिने सांभाळलं. रोज सकाळी ओलं फडकं, चारही बाजूंनी नीट खोचलेलं. फडकं बदलताना दिवा बघे. हिरवा. म्हणजे यंत्राची तब्येत ठणठणीत, असं तिने नवऱ्याला खाली येऊन सांगायचं, रोज.

तीन महिन्यांनी कचेरीबाहेर यादी लागली. दूधवाली वाचून आली ती तणतणतच.

"आपली गल्ली यादीत नाही! म्हणे, हवा समाधानकारक!"

"कुणाची?"

"आपली! खातंय कुणीतरी पैसे."

सगळ्यात मोठा आवाज इस्त्रीवालीचा लागला. "ती हवावाली येऊ दे, दाखवतेच तिला!"

हवावाली दुसऱ्याच दिवशी यंत्र न्यायला आली. गल्लीने तिला दारातच घेरलं. ती बिचारी एकच सांगत होती, "अहो, यंत्राने दिले तेच आकडे आहेत." शेवटी इस्त्रीवाली म्हणाली, "थांब, मीच आणते तुझं ते खोटारडं यंत्र," आणि तरातरा जिना चढली.

वर तिने सवयीने फडकं काढलं, सवयीनेच उलटून पाहिलं. वरची बाजू काळी. आतली बाजू स्वच्छ.

ती तिथेच गच्चीवर बसली.

खालून भांडणाचा आवाज येत होता. फडकं बादलीत टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं. शिव्या हवावालीने खाल्ल्या असत्या, आणि ट्रक चालूच राहिले असते. त्या भांडणातूनही नवऱ्याचा खोकला तिला वेगळा ऐकू आला. तो नेहमीच येई.

ती फडकं घेऊन खाली आली.

"हे घाल तुझ्या कागदात. मी झाकलं होतं. रोज."

मग दूधवाली म्हणाली, "म्हणजे तीन महिने तू आमची हवा गाळून दिलीस होय सरकारला?"

"मला वाटलं, यंत्र खराब होईल."

"आणि आम्ही झालो ते?"

हवावालीने फडक्याचा फोटो काढला. तो जोडून आकडे रद्द करायचा अर्ज लिहिला, इस्त्रीवालीची सही घेतली. महिनाभर पुन्हा मोजायचं ठरलं. त्या आठवड्यात गल्लीतून इस्त्रीला एकही कपडा आला नाही.

यंत्र मात्र उघडं राहिलं. तिसऱ्या दिवशीच त्यावर एवढी धूळ बसली की इस्त्रीवालीचे हात शिवशिवायला लागले. तिने ते पदरात गुंडाळून घेतले आणि दिव्याकडे बघत राहिली. दुपारी, ट्रकची रांग लागली तेव्हा, तो लाल झाला.

"झाला!" ती गच्चीवरून ओरडली.

"नक्की लाल?" दूधवालीने खालून विचारलं. "तू हात लावू नकोस हां!"

"नाही लावत गं बाई!"

महिनाअखेर पुरवणी यादी लागली. गल्लीचं नाव त्यात पहिलं होतं. ट्रक वळले त्या सकाळी नवरा खुर्ची रस्त्याकडे फिरवून बसला.

"आता?" त्याने विचारलं.

इस्त्रीवालीने खिडकीवरचं ओलं फडकं काढलं, पिळलं, आणि जरा थांबून पुन्हा तिथेच टाकलं.

"आठवडाभर बघू," ती म्हणाली.