म्हशीच्या गर्भाची सटी

इकडं हिंदी मुलखात, आमच्या चेरीतालच्या घरी तेव्हा थर्मास दोन होते. एक चहाचा आणि दुसरा, लाल दोरा बांधलेला, सुनेचा. त्या दुसऱ्याला मी हात लावत नसे. सून इथल्या जनावरांच्या कॉलेजात संशोधन करायची, आणि कोमट खारं पाणी भरून त्या थर्मासातून खाटीकखान्यातले म्हशींचे अंडाशय न्यायची. आम्ही चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारी माणसं. पहिल्या दिवशी ती कॉलेजच्या वाटेवर जेवणाचा डबा न्यायला थांबली, तर मी दारातच अडवलं, "बाई, हे घरी काहून आणलं?"

"आत नाही आणत, आई. तुम्ही डबा तेवढा बाहेर द्या."

दिला. मग दोरा बांधला आणि तो विषय संपला.

काम मात्र भलतं नाजूक. त्या अंडाशयांतून सुईनं बीजं काढायची, बशीत रेड्याच्या बीजाशी मेळ घालायचा, आणि उबदार पेटीत ठेवून गर्भ वाढवायचा. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. आणि तिथंच घोडं अडायचं. आठ-सोळा पेशी झाल्या की सगळे गर्भ मरगळून जायचे. एकही पुढं सरकेना. शेवटी तिच्या सरांनी सांगून टाकलं, या हिवाळ्यातली ही शेवटची खेप, नाही जमलं तर विषय बदला. विषय बदलणं म्हणजे इतक्या दिवसांचं सगळं पाण्यात. पोरीचं जेवणातलं लक्षच उडालं.

मी शाळेत फार गेलेली नाही. जे आलं ते वाचून आणि लोकांना विचारून विचारून. तेव्हा एका रविवारी मेथी निवडता निवडता तिलाच विचारलं, "अगं, तुझं नेमकं अडतं कुठं?"

"आई, पोटात असलं की गर्भाला 'वाढ' म्हणणारे रस भोवतालून मिळतात. बशीत कोण म्हणणार? म्हणून या वेळी वाढीचा रस वरून टाकून पाहून राहिली मी."

"म्हणजे डिंकाचा लाडू."

"तसंच समजा. थेंबाच्याही थेंबाएवढा लाडू."

मग तिनं खरी गंमत सांगितली. म्हणाली, प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. बहुतेक ठिकाणी दोन्ही बोलतात. पण थोड्या जीनांवर शिक्का मारलेला असतो, की अमक्या बाजूची प्रत गप्प बसेल. वाढीचा एक जीन आहे, त्यात बापाची प्रत बोलते, आईची गप्प. आणि त्या वाढीला आवर घालणारा दुसरा आहे, त्यात आईची बोलते, बापाची गप्प.

"हे उंदरांत सापडलं आहे," ती म्हणाली. "मला म्हशीत पाहायचं आहे. पण गर्भच टिकला नाही तर पाहू काय?"

मुलगा पेपर वाचत होता. "अच्छा, म्हणजे बाप म्हणतो खा बेटा, आणि आई म्हणते बस झालं. आपल्या घरी तर उलटं आहे."

"आपल्या घरी बापाला बोलूच कोण देतं," आतून हे म्हणाले.

मला वेगळंच सुचलं. मी म्हटलं, "माझ्या वडिलांकडून माझ्यात जी प्रत आली, ती मी लेकराला दिली तर शिक्का वडिलांचाच राहतो का गं?"

"नाही, आई. तुमच्या अंगात बीज तयार होताना जुना शिक्का पुसला जातो आणि तुमचा लागतो. पुढं ती आईची प्रत."

मेथीची जुडी माझ्या हातातच राहिली. म्हटलं, किती छान. वडिलांची वस्तू, पण पुढं गेली ती माझी म्हणून. समोर बसलेल्या माझ्या लेकाकडे मी जरा रुबाबातच पाहिलं.

त्या खेपेचे गर्भ सहा दिवसांचे झाले. आता सहावा दिवस म्हणजे आपल्यात सटी. सटवाई येऊन बाळाचं भाग्य लिहिते, म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवायचं. मी दिवेलागणीला देवापुढं पाट मांडला, हळदकुंकू वाहिलं, कागद-पेन ठेवलं. मुलगा कामावरून आला तो पाहतच राहिला.

"आई, रेडकाची सटी? तीही जन्माच्या आधी?"

"सहावा दिवस आहे की नाही?"

सून कितीतरी दिवसांनी हसली. "आई, आईबापांनी शिक्के आधीच मारून ठेवलेत. सटवाई येऊन काय लिहील?"

"मग वाचून जाईल. तुझ्या बशीपाशी थांबेल तरी घडीभर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "चला माझ्यासोबत. एकटीनं पेटी उघडायची हिंमत होत नाही."

प्रयोगशाळेत तिनं बशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, स्वतः पाहिलं, आणि बाजूला झाली. मी डोळा लावला तर काळी झाडी दिसली. "अगं, यात केस आहेत."

"ती तुमची पापणी आहे, आई. जरा मागं व्हा."

मागं झाले, आणि दिसला. पाण्याच्या थेंबासारखा गोल, आतून पोकळ, एका कडेला पेशींचा छोटा पुंजका. शेजारी तसाच आणखी एक.

"तो पुंजका म्हणजे पुढं रेडकू," ती माझ्या कानाशी सांगत होती, "आणि भोवतालची भिंत म्हणजे वार." म्हणजे या खेपेला आठ-सोळाच्या पुढं सरकले होते. मी तिचा हात धरला.

तेवढ्यात सर आले. त्यांनी वाकून बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अम्मा जी, बहू का विषय अब नहीं बदलेगा।"

मला आणखी एकदा बघायचं होतं. पण सुनेनं बशी उचललीसुद्धा. "गारठतात, आई," म्हणाली, आणि पेटीत ठेवून दार हलकेच लावलं. आम्ही तिघं पाय न वाजवता बाहेर आलो, आणि व्हरांड्यात पोचेपर्यंत सरसुद्धा कुजबुजतच बोलत होते.