अर्धं पाकीट

"बोटांवर महिने मोज," सिस्टर म्हणाली. "इथंच मोज, सगळ्यांसमोर."

मी आरोग्य उपकेंद्राच्या ओट्याखाली उभी होते. वर बाकावर खालच्या गावातल्या बायका बसल्या होत्या. आम्ही डोंगरावरच्या बायका नेहमी खाली, मातीत. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. पण आमच्या अंगाला गुरांचा वास येतो म्हणे. याच बायकांच्या घरी आमचं तूप जायचं. त्याला कधी वास आला नाही.

दिवाळी होऊन गेली होती. दोनदा पाळी चुकली म्हणून मी सासूला घेऊन डोंगर उतरले होते. सिस्टरने पोट दाबून पाहिलं, बाहेर आली आणि ओट्यावरून आवाज चढवून बोलली, "नवरा मुंबईला. गणपतीला आला नि गेला. गोळ्या मी माझ्या हातानं दिल्या होत्या. घेतल्या म्हणतेस. मग हे कुठून आलं ग?"

बाकावर हशा पिकला. एकीने तोंडाला पदर लावला. सासू माझ्या मागेच होती, तिने सगळं ऐकलं.

आणि मी मोजली. खाली मान घालून बोटं मोजली. भाद्रपद, आश्विन, कार्तिक. त्याची लाज मला आजही वाटते.

आमची वाडी कुडपणच्या अंगाला, वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर. गुरं, थोडी नाचणी, थोडी वरी. पुरुष मुंबईला. गणपती, शिमगा नि मे महिना, एवढ्याच वेळा घरी. मला दोन पोरं होती. दुसऱ्या वेळी रक्त थांबेना म्हणून मला डोलीत घालून चार माणसांनी खाली उतरवलं होतं. वाटेत मी मेलेय असं समजून एकाने माझ्या तोंडात पाणी घातलं होतं. तिसरं पोर म्हणजे माझं मरण, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून गणपतीच्या आधी मी स्वतः गोळ्या मागायला गेले. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, सासूलाही नाही.

सिस्टर खोऱ्यातल्या मोठ्या घरची. भातशेती, माडीचं घर, घरात शिकलेली माणसं. तिने कपाटातून गोळ्यांचं पाकीट काढलं. त्यात चार ओळी, ओळीत सात गोळ्या. तीन ओळी पांढऱ्या, एक तपकिरी, जवळजवळ काळी. आत एक घडी घातलेला कागद होता. तो तिने काढून टेबलावर ठेवला. मग कात्री घेतली आणि पाकीट मधोमध कापलं.

"तुमचे नवरे दहा-बारा दिवसांचे पाहुणे," ती हसून म्हणाली. "तुम्हाला अख्खं पाकीट काय करायचंय? तो असेल तेवढे दिवस रोज एक घ्यायची."

वरचं अर्धं माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला दिलं. खालचं अर्धं मला. मी कागद मागितला. मी चौथी शिकलेय, वाचता येतं. सिस्टर म्हणाली, "तुला काय कळणार त्यातलं? जा, उन्हं व्हायच्या आत डोंगर चढ."

नवरा बारा दिवस राहिला. मी रोज एक गोळी घेतली. पहिले सात दिवस काळ्या घेतल्या. मला वाटलं, काळी म्हणजे जोरकस, आधी तीच घ्यावी. मग पाच पांढऱ्या. दोन उरल्या, त्या शिमग्यासाठी ट्रंकेत ठेवल्या. आज हे सांगताना मला माझी कीव येत नाही. त्या कात्रीची चीड येते.

ओट्यावरचं ते बोलणं आमच्या आधी वाडीत पोचलं. तिथून मुंबईला, नवऱ्याच्या खोलीवर. सासू पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पण नजर दुसरीकडे. मग नवऱ्याचं पत्र आलं, एकाच ओळीचं. "खरं काय ते लिही." मी उलट लिहिलं, "या नि पोर बघा."

पाचव्या महिन्यात पाय सुजले, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. थोरल्या भावाने मला महाडला नेलं, एका डॉक्टरीणबाईंकडे. मी ते अर्धं पाकीट कनवटीला बांधून नेलं होतं. गोळ्या घेतल्या होत्या याचा पुरावा म्हणून. कुणी विचारलं तर दाखवायला.

त्यांनी ते हातात घेतलं. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "हे कुणी कापलं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "चूक तुझी नाही."

दिवाळीपासून हे मला कुणीच म्हटलं नव्हतं. मी रडेन असं त्यांना वाटलं असावं. मी रडले नाही. माझ्या कानशिलांत रक्त चढलं.

त्यांनी अख्खं पाकीट माझ्यापुढे ठेवलं आणि समजावलं. पांढऱ्या गोळीत औषध आहे. ती रोज घेतली की बाईच्या अंगात बीज सुटत नाही. गर्भपिशवीच्या तोंडाशी पाणी दाट होतं, पुरुषाचं बीज आत जात नाही. पण त्यासाठी रोज घ्यावी लागते. रोज एक, ठरल्या वेळी, नवरा घरात असो नाहीतर मुंबईत. पाळी आल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली पांढरी घ्यायची. पांढऱ्या संपल्या की काळ्या, त्या दिवसांत पाळी येते. काळ्या संपल्या की दुसऱ्या दिवशी नवं पाकीट, मध्ये खंड नाही.

"आणि काळ्या गोळीत काय हाय?" मी विचारलं.

"लोह. रक्तासाठी. त्याने गर्भ राहणं थांबत नाही."

सात दिवस. सात दिवस मी लोखंड खाऊन निर्धास्त झोपले होते.

मी त्यांना सोडलं नाही, विचारत राहिले. एक गोळी चुकली तर? आठवेल तेव्हा लगेच घे, पुढची तिच्या वेळेला. दोन किंवा जास्त चुकल्या तर? आठवली की एक घे, पुढे रोज चालू ठेव, पण सात दिवस निरोध वापर. शेवटच्या आठवड्यातल्या पांढऱ्या चुकल्या असतील तर काळ्या सोड, थेट नवं पाकीट धर. मळमळलं तर? सुरुवातीला होतं, दोन-तीन महिन्यांत कमी होतं, रात्री जेवून घे. कुणी घेऊ नये? जिचा रक्तदाब वाढलेला, जिच्या पायात कधी रक्ताची गाठ झाली, जिला काविळीचा आजार, पस्तिशीच्या पुढची आणि बिडी ओढणारी. बाळंतिणीने पाजत असताना सहा महिने नाही. टीबीची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरला सांगायचं. आणि पोटरी सुजून दुखली, छातीत कळ आली, डोकं फुटेल असं दुखलं किंवा नजर अंधुक झाली तर गोळी बंद करून तडक दवाखाना. शेवटी त्या म्हणाल्या, "गोळी पोर थांबवते, रोग थांबवत नाही. त्याला निरोधच."

"आता तू सांग," त्या म्हणाल्या. मी सगळं परत सांगितलं. दोन ठिकाणी चुकले, तर पुन्हा सांगायला लावलं. कागदही दिला. माझ्या आयुष्यात कुणी मला एवढं शहाणं धरलं नव्हतं.

पोरगी मिरगाच्या तोंडावर झाली, महाडलाच. रक्त गेलं, पण मी जगले. सासूने तिला मांडीवर घेतलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "दिवस बरोबर हायत गो." तेवढंच. तिची माफी तेवढीच होती. त्या पोरीवर माझा राग नाही, कधीच नव्हता. राग कुणावर आहे ते मला नीट ठाऊक आहे.

सहा महिन्यांनी मी गोळी धरली. वाडीतल्या बायकांना बसवून तो कागद वाचून दाखवला. तेव्हा कळलं, कात्री माझ्या एकटीच्या पाकिटावर चाललेली नव्हती.

चार-पाच वर्षांनी खालच्या गावात, शाळेच्या पटांगणात बायकांचा मेळावा झाला. जिल्ह्याचे साहेब आले होते. सिस्टरचा सत्कार होता, कुटुंब नियोजनाच्या चांगल्या कामाबद्दल. शाल, श्रीफळ, टाळ्या. आम्ही वाडीतल्या अकरा बायका गेलो. या वेळी मातीत बसलो नाही. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर बसलो.

शाल तिच्या खांद्यावर पडली आणि मी उठले. ते अर्धं पाकीट वर धरलं.

"सिस्टर, काळ्या गोळीत काय हाय?"

तिने मला ओळखलं. साहेबांकडे बघितलं. "हे नंतर बोलू," म्हणाली.

"नंतर नाय. माला बोटं इथंच मोजायला लावलीत. तुमी पण इथंच सांगा."

साहेब म्हणाले, "सांगा की." ती पुटपुटली, "लोह."

"मोठ्यानं."

"लोह!"

"मग माला ते सांगितलंत का नाय? पाकीट कापलंत का? कागद काढून घेतलात का?"

माझ्या मागोमाग दहा बायका उभ्या राहिल्या. एकीने ओट्यावरचं ते जुनं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, "मग हे कुठून आलं ग?" या वेळी कुणी हसलं नाही. सिस्टरची शाल खांद्यावरून घसरली. ती उचलायलाही कुणी वाकलं नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पुढे तिची बदली झाली. मागच्या मे महिन्यात ती मला पोलादपूरच्या स्टँडवर भेटली. केस पिकलेले, हातात औषधांची पिशवी. म्हणाली, "जाऊ दे ग आता. जुनं झालं सगळं."

मी म्हटलं, "जुनं नाय झालं सिस्टर. रोज नवं करतेय मी."

खरंच करते. वाडीत नवी नवरी आली की तिला मी अख्खं पाकीट दाखवते. रोज एक, खंड नाही, काळीत फक्त लोह. कागद तिच्याकडूनच वाचून घेते, वाचता येत नसेल तर पाठ करून घेते. मग ट्रंकेतून ते अर्धं काढते. कापलेल्या कडेवर तिचं बोट ठेवायला लावते. कुणी कापलं ते नाव सांगते, घराण्यासकट, आणि तेही पाठ करून घेते. मी मेले तरी आमच्या वाडीत गोळीबरोबर ते नाव सांगितलं जाईल. तेवढी सोय मी करून ठेवलीय.