नामाचा वासा आणि माझं स्टिकर

नामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या स्टँडसमोर चहाच्या टपरीवर बसून, घोडनदीच्या पुरातून मी एकट्यानं म्हैस पाठीवर घेऊन कसा पोहत आलो, हे चौघांना सांगत होतो. म्हैस अजून नदीच्या मध्यावर होती. फोनवर नामाची बायको, कौसावहिनी, एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, ह्ये गेलं वो सकाळी..." मी फोन खिशात ठेवला. चौघं वाट बघत होते. "मग म्हशीचं काय झालं?" एकानं विचारलं. "बुडाली," म्हणालो आणि उठलो.

त्याला आता पाच आठवडे होतील. नामाचं गाव दौंडच्या खाली, भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. दहाव्याला सगळे मासेमारीवाले पाण्याकडेला जमले होते. विधी उरकले आणि आप्पांनी, म्हणजे त्या काठावरच्या सगळ्या होड्या ज्यांच्या शब्दावर निघतात आणि परततात त्या म्हाताऱ्यांनी, मला सगळ्यांसमोर विचारलं, "मेकॅनिक, नामाचं मशिन आता कुणाच्या होडीत बसवायचं? ज्या मशिननं नामाला नामा केला, त्ये असं घरात पडून ऱ्हायला नगं." वीसेक माना माझ्याकडं वळल्या. आणि माझ्या लक्षात आलं की नामाला जाळून आलो तरी तो अजून सुटलेला नाही. तो त्या मशिनच्या डब्यात अडकलाय, आणि त्याला तिथं अडकवणारा मी आहे.

माझी ओळख सांगायची तर त्या काळी दौंडात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मी बिघडलेल्या टीव्हीवर नुसता हात ठेवला की तो बातम्या सांगायला लागायचा, असं लोक म्हणत. म्हणजे मीच म्हणत असे, पण मोठ्यानं. नामा पहिल्यांदा आला तो पाण्यात पडलेला रेडिओ घेऊन. मी मागचं झाकण उघडलं तर आतून जिवंत चिलापी मासळी निघाली, आणि तिला रात्रीच्या भजनाचा कार्यक्रम पाठ होता. हे मी पुढं शंभर जणांना सांगितलं. नामा शेजारी बसलेला असायचा आणि कुणी त्याच्याकडं पाहिलं की गंभीरपणे म्हणायचा, "व्हय, पर आवाज जरा बसल्याला हुता तिचा." असा मित्र थापाड्याला जन्मात एकदाच मिळतो.

स्वतः नामाला मात्र थापांची गरज नव्हती. त्याच्याकडं एक वासा होता. वासा म्हणजे दोन पुरुष उंचीचा जुना बांबू, होडी ढकलायचा. होडी थांबवून तो वाशाचं एक टोक पाण्यात सोडायचा, दुसऱ्या टोकाजवळ कान लावायचा आणि डोळे मिटायचा. चिलापी तळाला खड्डा करते त्याची कुटकुट, मरळ हवा गिळायला वर येते त्याचं गुळुक, असं सगळं त्याला त्या बांबूतून ऐकू यायचं. मी म्हणायचो, नामाला माशाची जांभईसुद्धा ऐकू येते. तो म्हणायचा, "जांभई न्हाई येत. पर तू काठावर आलास की मासं हसत्यात, त्ये येतं." त्याच्या बापानं त्याला हे शिकवलं होतं आणि काठावरची दोन-तीन पोरं त्याच्याकडून शिकायला लागली होती. हे लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. एका गिऱ्हाइकाचा भाचा जहाजावर नोकरीला होता. तिकडं टाकून दिलेली एक वस्तू त्याच्याकडून माझ्याकडं आली. टिफिनच्या डब्याएवढं यंत्र, त्यावर तळहाताएवढा पडदा, आणि वायरीच्या टोकाला भोवऱ्यासारखा काळा गोळा. भोवरा पाण्यात सोडायचा आणि खाली किती खोल आहे, मासे कुठं आहेत ते पडद्यावर बघायचं. माहितीचं पुस्तक नव्हतं. मी खालच्या झाकणात स्कूटरची छोटी बॅटरी बसवली. पडदा कोरा. तिसऱ्या दिवशी कुठलंसं बटण दाबून धरलं आणि पडद्यावर मासे पोहायला लागले! छोटे, मोठे, प्रत्येकाच्या डोक्यावर आकडा. दुकानात टेबलावर, पाण्याचा थेंब नसताना. खरा मेकॅनिक तिथंच थांबून विचार करता झाला असता. मी रस्त्यावर जाऊन लोक गोळा केले. कोपऱ्यात चार इंग्रजी अक्षरं लुकलुकत होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूवर मी दुकानाचं स्टिकर लावत असे, तसं इथंही लावलं, आणि ते नेमकं त्या अक्षरांवर बसलं. मी ती अक्षरं आधी वाचली होती की नाही... खरं सांगतो, आज मलाच ते ठरवता येत नाही.

मग मी ते यंत्र वाजतगाजत नामाच्या होडीत नेलं. आप्पांसमोर सांगितलं की परदेशात याच्याशिवाय कुणी जाळं टाकत नाही, आणि हे उघडून चालू करणारा पुणे जिल्ह्यात मी एकटा. आम्ही दोघं शिकायला लागलो. नामा वल्हं मारायचा, मी पडद्यावर बोट ठेवून "डावीकडं! आता थांब! बत्तीस फूट! हा बघ बैलाएवढा!" असं ओरडायचो. जाळं निघायचं तेव्हा त्यात चार चिलाप्या आणि एक चप्पल. मी म्हणायचो, अजून हात बसला नाही. नामा वासा पाण्यात सोडून ऐकायचा आणि हळूच म्हणायचा, "लेका, वासा काय येगळंच म्हणतोय." त्यावर मी काय बोलावं? म्हणालो, "नामा, बांबूला कान लावायचे दिवस गेले. तू अडाणी ऱ्हायलास तर मी काय करू?"

एके दिवशी नशिबानं जाळं असं भरलं की होडी बुडायला आली. (बुडालीच होती, मी दातांनी धरून ठेवली.) झालं. काठावर बातमी फिरली. रोज पहाटे आठ-दहा होड्या नामाच्या मागं. "नामाभाऊ, काय म्हणतंय मशिन?" शिकणारी पोरं वासा सोडून पडद्यावर वाकायला लागली.

मग तो दिवस आला. पडद्यावर एकामागून एक मोठे मासे दिसत होते आणि त्यांच्या मागं मागं, बाकीच्या होड्यांच्या बरंच पुढं निघून, आम्ही दोघं एका आडवळणाच्या खाडीत शिरलो. वारं फिरलं. पुण्याकडून वाहून येणारी जलपर्णी आमच्या तिकडं लोकांच्या ओळखीची आहे, पण तिला असं चालून येताना मी कधी पाहिलं नव्हतं. आवाज नाही, घाई नाही. मागं वळून बघितलं तर ज्या पाण्यातून आलो ते पाणीच नव्हतं. सगळीकडं हिरवं. वल्हं मारलं तर रुतून बसलं. हातानं उपटायला गेलो तर एकेका झाडाला हातभर मुळ्या, सगळ्या एकमेकीत गुंतलेल्या. एक ओढली की दहा जवळ यायच्या. सकाळी नऊला अडकलो. दुपार झाली, डोक्यावर ऊन, पाण्याची बाटली संपली. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. काठ दिसत होता, गुरं दिसत होती, आणि जाता येत नव्हतं.

"उतरून चालत जाऊ," मी म्हणालो.

"मशिन काय म्हणतंय?"

"बत्तीस फूट."

नामानं वासा उचलला आणि मुळ्यांमधून खाली घातला. दोन फुटांवर तो चिखलाला लागला, मग चिखलात शिरत गेला, शिरतच गेला. चिखलाला तळ नव्हता. त्यानं वासा ओढून काढला, ओल्या खुणेकडं पाहिलं, मग पडद्याकडं. तिथं बत्तीस फुटांवर एक भला मोठा मासा निवांत चालला होता.

"तुझ्या ह्या चिठ्ठीखाली काय हाय?" त्यानं विचारलं, आणि अंगठ्याच्या नखानं माझं स्टिकर सोलून काढलं. अक्षरं लुकलुकायला लागली. त्याला इंग्रजी येत नव्हतं. "वाच."

"डेमो."

"म्हंजी?"

"म्हंजी... दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायचं. नुसतं दाखवायला."

"ह्यात मासं न्हाईत?"

"न्हाईत."

"आन् पानी?"

"पानी बी न्हाई, नामा."

मला वाटलं, आता वल्हं डोक्यात घालतो. मग त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता. हसता हसता डोळे पुसत म्हणाला, "आन् आठ होड्या मागं लावल्या की रं मी..." आणि त्याचं हसू थांबलं. हे बाहेर फुटलं तर माझ्या दुकानाची पायरी कुणी चढणार नव्हतं, हे त्याला कळत होतं. आणि मला ते त्याच्याआधी कळलं होतं. नुसता त्याच्याकडं बघत राहिलो.

चार वाजता आप्पा तीन होड्या घेऊन आले, विळ्यांनी जलपर्णी कापत, वाट करत. जवळ येताच पहिला प्रश्न, "काय रं, मशिन काय म्हणतंय?" नामानं ओलं स्टिकर परत जागेवर चिकटवलं, अंगठ्यानं दाबलं आणि म्हणाला, "म्हणतंय, हितं दम न्हाई आप्पा. भाईर चला." सगळे म्हणाले, बघा, किती हुशार! जलपर्णीतून आम्ही त्या दिवशी सुटलो. पण नामा काही सुटला नाही.

पुढं मी ते खोटे मासे बंद करून बघितलं. पडदा कोरा. भोवरा आधीपासूनच मेलेला होता. म्हणून तर जहाजावरच्यांनी टाकला होता. आणि नामानं पुढं नऊ वर्षं ते यंत्र होडीत वागवलं. वासा होडी रोखायला म्हणून पाण्यात सोडायचा, पडदा कुणाला दिसू न देता त्यावर वाकल्यासारखं करायचा आणि कान वाशाला टेकवायचा. ऐकायचा बांबूतून, सांगायचा मशिनच्या नावानं. काठावरच्या जाळ्यांत त्या नऊ वर्षांत जे काही आलं ते त्याच्या कानानं आलं, आणि कौतुक झालं ते माझ्या स्टिकरचं. मी दोन-तीनदा म्हणालो, सांगून टाकू. तो म्हणायचा, "आता काय सांगतूस? कोण मानंल? उगी दोघंबी बुडू." वासा ऐकायला शिकायला परत कुणी आलं नाही. मशिन असताना बांबू कोण धरणार?

शेवटी भेटलो तेव्हा तो खाटेवर होता, तापानं वाळून गेलेला. यंत्र उशाशी. मी सवयीनं उचललं तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मासं दमलं असतील." तेच शेवटचं.

तर दहाव्याला आप्पांनी विचारलं तेव्हा मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. डेमो, स्टिकर, बत्तीस फूट, वासा, सगळं. आयुष्यात इतकं साधं मी कधी बोललो नव्हतो. एक म्हैस नाही, एक दात नाही. आणि माणसं हसायला लागली! दहाव्याला, पिंडाशेजारी, डोळे पुसत हसायला लागली. आप्पा म्हणाले, "नामा असता तर म्हणला असता, व्हय, पर आवाज बसल्याला हुता." मी शपथा घेतल्या तसे ते आणखी हसले. चाळीस वर्षं थापा मारून मी माझ्याभोवती इतकी जलपर्णी माजवून ठेवली होती की खऱ्याला बाहेर यायला फट नव्हती.

तेव्हा कौसावहिनी घरातून आल्या. एका हातात यंत्र, दुसऱ्या हातानं वासा ओढत. यंत्र त्यांनी आप्पांच्या पुढ्यात ठेवलं. "लावा बघू चालू."

आप्पांनी बटण दाबलं. दाबून धरलं. काही नाही. त्यांनी खालचं झाकण काढलं. बॅटरीच्या जागी, वजन लागावं म्हणून, नदीतला एक गोटा फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता.

"बॅटरी मरून दोन वर्सं झाली," वहिनी म्हणाल्या. "रोज पहाटं फडकं नीट करून द्याची मी."

मी वासा उचलला. वरच्या टोकापासून हातभर खाली बांबूवर एक काळपट, गुळगुळीत जागा होती. माणसाच्या कानाएवढी. मी पाण्यात चार पावलं गेलो, वासा तिरपा धरून टोक तळाला टेकवलं आणि त्या जागेवर कान लावला.

"काय म्हणतोय?" मागून कुणीतरी विचारलं. सगळे थांबले होते. मी काय सांगतो याची वाट बघत होते.

"मला काय ऐकू येत न्हाई," मी म्हणालो.

तेवढ्यावर मात्र कुणी हसलं नाही. आप्पांनी धोतर वर खोचलं, पाण्यात आले आणि वासा माझ्या हातून घेतला. आप्पा उंच. नामाच्या कानाची जागा त्यांच्या खांद्याशी येत होती. ते वाकले, आणखी वाकले, आणि कान लावून डोळे मिटून उभे राहिले...