कातरलेल्या शेपट्या
जवसाच्या तेलात मासे तळल्याचा वास आला की मला तिरोड्याजवळची ती बोडी आठवते, बांधाआडचं गढूळ पाण्याचं छोटं तळं. त्यात मासे किती आणि वर्षागणिक कमी होताहेत का, हे मला मोजायचं होतं. चाळीस मासे पकडून, शेपटीचं टोक कातरून, मी परत सोडले. आठवड्याने जाळं टाकलं, तर कातरलेला एकही नाही. खुणेचे जितके कमी सापडतील, तितके बोडीत एकूण मासे जास्त, असं आमचं गणित, मी हरखले. दुपारी बोडीत रोज मासे धरणाऱ्या जाळंवाल्या काकांकडे जेवायला बसले, तर ताटातली प्रत्येक शेपटी कातरलेली. "काका, हे कुठून आणले?" "बोडीतलेच. तुमची खूण होती ना बाई, मंग आमी बाजारात कायले नेऊ? सापडला का हौदात टाकून राहिलो, तुमच्यासाठी." काकूंनी आणखी दोन वाढले. मी तेही खाल्ले. आज ही पद्धत शिकवताना मी पुस्तकात नसलेली अट आधी सांगते: खूण कशासाठी, ते जाळंवाल्याला सांगा. आठवडाभर मी काकांना बोडीबद्दल, माशांबद्दल नुसतं विचारत होते. खुणेबद्दल सांगितलं काहीच नव्हतं.