एका कोयत्याच्या गोळ्या

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासणं हे माझं काम. काचपट्टीवर लाल रंगाच्या बारीक काड्या शोधण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. क्षयाचे जंतू तसे दिसतात. दिसायला गरीब, पण एका छातीत ते कोट्यवधी असतात आणि सगळे एका वळणाचे नसतात. त्यातले मूठभर मुळातच एखाद्या औषधाला दाद देत नाहीत. सगळी औषधं मिळून पुरती घेतली तर तेही मरतात. अर्धवट घेतली की कमजोर मरतात, हेकट उरतात आणि पुढची सगळी पैदास त्या हेकटांची होते. भिंगाखाली मात्र दोन्ही सारखेच लाल. याचा मला आजही संताप येतो.

ज्या दुष्काळात आमच्या भागातल्या सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही, त्या वर्षी थोरल्या भावाच्या थुंकीत मला या काड्या दिसल्या. भाऊ आणि वहिनी ऊस तोडायचे. त्यांनी राबून मला शिकवलं. इकडचा ऊस उभा वाळला, म्हणून मुकादमाने त्यांना पार कृष्णाकाठच्या कारखान्यावर नेलं. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. मुकादम कोयते मोजतो, माणसं नाही. निघताना दवाखान्याने भावाला हंगामभराच्या गोळ्या दिल्या होत्या.

उन्हाळ्यात दोघं परतली. भाऊ सावरला नव्हता आणि वहिनींकडे तर बघवत नव्हतं. झंपराच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या.

"गोळ्या चुकवल्यास का?" मी भावाला विचारलं.

"एक बी न्हाई. रिकामी पाकिटं आणलीत, बघ."

पाकिटं खरंच रिकामी होती. मग वहिनीच बोलल्या. "दिवाळी सरल्यावर मला बी खोकला लागला, भावजी. तवापासून निम्म्या यांनी, निम्म्या मी."

"कावून? तिथं दवाखाना नव्हता का?"

"व्हता की. पर दवाखान्यात गेलं का कामाचा खाडा. अन् बाई आजारी कळली का मुकादम आख्खा कोयता माघारी धाडतो. कोयता एकच, दुखणं एकच. मग गोळ्या दोघांच्या न्हाईत का?"

मी त्यांना वाट्टेल ते बोललो. माझं डोकंच फिरलं होतं. घरात एक भाकरी असली तरी तिचे तुकडे करायची आमची रीत, त्याच रीतीवर मी तोंड टाकत होतो.

दोघांची थुंकी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. कित्येक आठवड्यांनी उत्तर आलं, मुख्य औषधं दोघांनाही लागू होत नव्हती. मग नवी, कडक औषधं सुरू झाली. रोज सुई, रोज उलट्या. मी युसूफ वडगावच्या बाजारातून अंडी न्यायचो, ती वहिनींच्या पोटात टिकत नसत. त्या वाचाव्यात एवढंच मला हवं होतं. जंतूंचं सगळं शास्त्र मला ठाऊक होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. पाऊस लांबला, गावात टँकर चालूच होते, तेव्हा त्या गेल्या.

भाऊ मात्र बरा झाला. त्याची शेवटची काचपट्टी मीच पाहिली. एकही लाल काडी नव्हती. बाहेर बाकड्यावर येऊन मी त्याला तसं सांगितलं.

"निम्म्या म्हणून देयाची ती," तो म्हणाला. "पर माझ्या हातावर कायम जास्ती पडायच्या. मला कळत व्हतं. अन् मी गिळत गेलो."