गुणवंतीचा दुसरा नारळ

अर्धी वाटी खवून झाली होती, आणि गुणवंतीचा हात विळीवर तसाच थांबला. पडवीत नवऱ्याचा, खंडूचा, आवाज चढला होता.

"होडीला पाय लावायचा नाही त्याने! उद्याची पुनव झाली की एसटीत बसव त्याला. मुंबईत माझ्या भावाकडे राहूदे, हॉटेलात कपबशा विसळूदे."

रागाला कारण होतं. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय त्यांच्या वाडीत कोणी होडी पाण्यात घालत नाही. आणि त्यांच्या धाकट्या, एकोणीस वर्षांच्या भावेशने आज सकाळीच दोन मित्रांना घेऊन बापाची होडी खाडीच्या तोंडापर्यंत नेली. कशाला, तर मित्राच्या मोबाइलवर लाटांचा व्हिडिओ काढायला! होडी कलंडली. पोरं पोहत काठाला लागली, होडीही मागाहून ओढून आणता आली, हीच देवाची कृपा.

गुणवंती एरवी खमकी. डोक्यावर पाटी घेऊन अर्धी रत्नागिरी पायाखाली घातलेली. कोणी भाव पाडून मागितला तर "वहिनी, पापलेट काय झाडाला लागतं?" असं हसत विचारणारी. देवापुढे दोन्ही पोरांची नावं घेतल्याशिवाय सकाळचा चहासुद्धा न घेणारी. त्यातलं एक पोर घराबाहेर काढायचं म्हटल्यावर ती विळीवरून उठली.

थोरली मनिषा भावाला राखी बांधायला राजापूरहून आली होती. ती तिथे अंगणवाडीत सेविका. ती म्हणाली, "बाबा, आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं ना. पहिली पाच-सहा वर्षं मेंदू भराभर वाढतो. पुढे जे वापरात राहतं ते पक्कं होतं, बाकीचं गळतं. पण हे कपाळामागचं, पुढचा विचार करून हात आवरणारं, ते सगळ्यात मागनं तयार होतं. पंचविशी उजाडते. त्यात मित्र बघत असले, की विचारूच नका."

"म्हणजे तोवर ह्याला पाळण्यात घालू?"

"पाळण्यात नको, नजरेसमोर ठेवा," गुणवंती पदराला हात पुसत पडवीत आली. "दीड वर्षाचा असताना ह्याने जिवंत कुर्ली नांगीला धरली होती. बोट सुजलं होतं. तेव्हा पाठवलात मुंबईला?"

"तेव्हा त्याला कळत नव्हतं गो."

"आता अर्धं कळतंय. अर्धं कळणाऱ्याला तिथे सोडलात, तर 'थांब रे' कोण म्हणणार त्याला?"

खंडूची नजर दर्याच्या दिशेला गेली. मग हळूच म्हणाला, "आणि दर्या रागावला असेल तर?"

"तर ह्यानेच हात जोडूदेत."

भावेश खांबाआड उभा होता. "बाबा, मी सुकाणू नाय मागणार."

"मागून तर बघ! नुसती जाळी ओढायची. मी थांब म्हटलं की थांबायचं."

"हो."

"आणि तुझा मोबाइल घरी."

"...हो." हा दुसरा हो पोराला फार जड गेला. मनिषाने हसू लपवायला तोंडाला ओढणी लावली.

"उद्या त्याचा नारळ त्याने वेगळा द्यायचा," खंडू उठत म्हणाला. "माझ्यात भागीदारी नको."

गुणवंतीने आत वळून पाहिलं. घरात दोनच नारळ होते. एक खंडूचा, देवापुढे ठेवलेला. दुसरा विळीवर, अर्धा खवलेला.

"मनिषा, तेवढी वाटी पुरी कर गो," म्हणत तिने खुंटीवरची पिशवी काढली, देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले, आणि भावेशसाठी शेंडीचा नारळ आणायला ती बाजाराकडे निघाली.