वडील जिथं थांबायचे

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी वडिलांच्या छातीचा फोटो उजेडाकडे धरला. हृदय मोठं झालंय, रक्त पुरेसं ढकलत नाही, म्हणून पाय सुजतात आणि दम लागतो, असं त्यांनी सांगितलं. गोळ्यांनी सूज उतरल्यावर त्यांनी वडिलांना लांब व्हरांड्यात उभं केलं, दोन टोकांना खुर्च्या ठेवल्या आणि हातात घड्याळ घेतलं.

"काका, सहा मिनिटं चाला. दम लागला तर थांबा."

"जलमभर मेंढरं मोजली," वडील म्हणाले, "आता मलाच मोजताय व्हय?"

डॉक्टर हसले. पूर्वी अशा रोग्यांना पडून राहायला सांगत, आता थोडं थोडं चालवून पुन्हा मोजतात, असं म्हणाले. "आयुष्य वाढेल असं वचन देत नाही. पण परसाकडे स्वतःच्या पायांनी जाता येईल."

निरवांगीत आमच्या घराला व्हरांडा नव्हता. वडील माळाच्या वाटेनं चालू लागले. जिथं थांबत, तिथं मी पांढरा दगड ठेवी. वाटेच्या शेवटी बाभळीखाली धाकट्या चुलत्यांची उरलेली मेंढरं जाळीच्या वाड्यात बसत. कुणाच्या आधाराशिवाय तिथवर जायचं आणि त्या जाळीला हात लावायचा, एवढंच वडिलांना हवं होतं. पहिल्यांदा दगड गोठ्यापाशीच राहिला. मग उकिरड्यापुढे गेला, मग शेजाऱ्यांच्या कुंपणापुढे. माझी उन्हाळ्याची सुट्टी संपत आली तेव्हा ते चालता चालता बोलू लागले होते, म्हणजे मला शिव्या देऊ लागले होते. "सरकीव की पुढं. मास्तरीण झालीस आन् मापात मारतीस?"

भेटायला येणारे बिस्किटांचा पुडा घेऊन येत आणि अंथरूण रिकामं बघून नाराज होत. अंथरुणात पडलेला आजारी त्यांना पटला असता. निमगावच्या बाजारात कुणीतरी चुलत्यांना विचारलं, "आजारी भावाला मेंढरामागं लावलं का रं?" चुलते तडक आले आणि त्यांनी वडिलांना वाटेतच गाठलं.

"आबा, आत चला." मग माझ्याकडे वळले. "बापाला वाटंवर मारतीस का? त्येचं करायला आमी मेलोय व्हय?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय. पुन्हा मोजणार आहेत. तुम्हीही चला बघायला."

"मोजून माणूस बरा हुतो? तू चार दिसांनी वालचंदनगरला जाशील. त्यो पडला तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील."

रोजचं पाणी ज्याच्या हातून प्यायचं, त्याच्याशी भांडायचं कसं? वडील मागे वळले.

शाळा उघडली, मी क्वार्टरमध्ये परतले. चुलत्यांनी जीव लावून केलं. भरवलं, परसाकडे पाठीवर नेलं. पावसाळा संपताना आम्ही वडिलांना पुन्हा बारामतीला नेलं, तेव्हा त्यांच्या मांड्या वाळून गेल्या होत्या. त्यांना खुर्चीतून उठता येईना. डॉक्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि घड्याळ खिशात ठेवलं.

गाडीत वडिलांनी विचारलं, "दगड हाय का तितंच?"

"आहे."

"ऱ्हाऊ दे."

दिवाळीआधी ते गेले. दहाव्याला जमलेल्या माणसांना चुलते सांगत होते, "शेवटपातूर आमी त्येला जमिनीला पाय टेकू दिला न्हाय." लोकांनी माना डोलावल्या. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं कुणी म्हणालं. मी चहाच्या कपबशा गोळा करत होते. दारातून वाट दिसत होती. दगड बाभळीच्या थोडा अलीकडेच होता. तिथून मेंढरांना हाक ऐकू गेली असती.